अल्फा ०.६६ आला, म्हणून दोन विधानं काढायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीसाठी रोझेनबर्ग यांच्या दहा विधानांच्या आत्मसन्मान मापनीचं मराठी भाषांतर करून तुम्ही कला आणि वाणिज्य शाखेच्या २४० विद्यार्थ्यांना दिलंत. क्रोनबाख अल्फा, म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा गुणक, ०.६६ आला. पाचवं आणि आठवं विधान काढलं की तो ०.७४ होतो. गाइड म्हणतात, ०.७० च्या वर हवा, काढून टाका आणि पुढच्या प्रकरणाला लागा. तुम्हाला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमकं सांगता येत नाही.

विधानं काढू नका. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या विद्यार्थ्यांनी ती दोन विधानं कशी वाचली हे आधी शोधा. पंचवीसेक वर्षं मानसशास्त्र शिकवताना आणि कॉलेजच्या मुलांवर मापन्या तपासताना माझी एक खात्री पटत गेली आहे. विधानं एकमेकांना किती धरून आहेत एवढंच आकडा सांगतो. ती कशाला धरून आहेत, हे मुलांना विचारल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात आधी उलट गुणांकन पाहा. दहापैकी पाच विधानं नकारात्मक आहेत (त्यांना ‘सहमत’ म्हटलं तर आत्मसन्मान कमी), नेहमीच्या क्रमात २, ५, ६, ८ आणि ९. त्यांचे गुण उलटे करून मगच बेरीज करायची असते. काही ठिकाणी विधानांचा क्रम बदलून छापलेला असतो, म्हणून क्रमांकावर न जाता वाक्य वाचून खात्री करा. तपासायला आलेल्या प्रबंधांत ही चूक मला अनेकदा सापडली आहे. तुमच्या बाबतीत मात्र ती झाली असेल असं वाटत नाही, कारण तुमच्या दोन आकड्यांतूनच थोडा हिशेब निघतो. दहा विधानांचा अल्फा ०.६६ म्हणजे विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन उत्तरं किती सोबत वर-खाली होतात याचा आकडा) साधारण ०.१६. आठ विधानांचा ०.७४ म्हणजे सरासरी साधारण ०.२६. पहिल्याच्या ४५ जोड्या आणि दुसऱ्याच्या २८ जोड्या यांच्या बेरजा वजा केल्या, तर ज्या १७ जोड्यांत पाचवं किंवा आठवं विधान येतं त्यांचा सरासरी सहसंबंध जवळपास शून्य निघतो. ही दोन उलटी करायची राहून गेली असती, तर त्यांचा इतरांशी सहसंबंध स्पष्ट ऋण आला असता आणि अल्फा ०.४५ च्या आसपास घसरला असता.

शून्य सहसंबंधाला दोन कारणं असू शकतात. एक, विधान मुलांना काहीच सांगत नाही, त्यामुळे उत्तरं कशीही पडतात. दुसरं, निम्म्या मुलांनी त्याचा एक अर्थ घेतला आणि निम्म्यांनी बरोबर उलटा, त्यामुळे दोन खरी उत्तरं एकमेकांना खोडून टाकतात. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या तक्त्यात ही दोन कारणं अगदी सारखी दिसतात. तुम्ही करायच्या कामाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता त्या ०.७० बद्दल. अल्फा दोन गोष्टींवर ठरतो: विधानं किती, आणि त्यांचा आपसातला सरासरी सहसंबंध किती. दहा विधानं आणि सरासरी ०.२० असेल तर अल्फा ०.७१ येतो. विधानं चाळीस केली तर सरासरी ०.१० असूनही तो ०.८२ होतो, म्हणजे विधानं आपसात निम्मीच जुळतात आणि आकडा मात्र जास्त चांगला दिसतो. याहून महत्त्वाचं उदाहरण हे. समजा पाच विधानं एका गोष्टीबद्दल आहेत, पाच दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. प्रत्येक गटात आपसातला सहसंबंध ०.५० धरा आणि गटागटांमध्ये शून्य. दहा विधानांचा अल्फा किती येईल? ०.७४. म्हणजे विधानं काढून तुम्हाला जो आकडा मिळणार आहे, नेमका तोच आकडा दोन वेगळ्याच गोष्टींची बेरीज केली तरी मिळू शकतो. मापनी एकच गोष्ट मोजते याचा पुरावा म्हणून अल्फा दाखवता येत नाही, ते यासाठीच.

ली क्रोनबाख यांनी हा गुणक १९५१ साली मांडला. त्यांच्या निधनानंतर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी स्वतःच म्हटलं आहे की बहुतेक माहितीसाठी हे सूत्र आपल्याला आता सर्वांत योग्य वाटत नाही. आणि ०.७० साठी ज्यांचं नाव सगळे घेतात त्या जम नन्ली यांनी १९७८ च्या आवृत्तीत तो आकडा संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी दिला होता. मूलभूत संशोधनाला त्यांनी ०.८० सुचवला, आणि एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर किमान ०.९०. गाइडशी बोलताना हे जरूर सांगा, पण नम्रपणे. त्यांनाही कुणीतरी ०.७० च शिकवलेला असतो.

अल्फा वाढवण्यासाठी विधान काढण्यात आणखी एक धोका आहे. कुठली दोन काढायची हे तुम्ही याच २४० मुलांच्या उत्तरांवरून ठरवणार आणि सुधारलेला अल्फाही त्यांच्याच उत्तरांवर मोजणार. त्या वाढीतला काही भाग निव्वळ योगायोगाचा असतो, पुढच्या कॉलेजात गेलात की तो गळून पडतो. शिवाय आठ विधानांच्या बेरजेची तुलना दहा विधानं वापरणाऱ्या कुठल्याच अभ्यासाशी करता येणार नाही. आणि तुम्ही काढणार ती दोन्ही विधानं नकारात्मक आहेत. मग पाच सकारात्मक आणि तीन नकारात्मक उरतात, आणि दिसेल त्याला ‘सहमत’ म्हणणाऱ्या मुलाचा आत्मसन्मान कागदावर उगाच वाढतो.

ही मापनी मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा हायस्कुलांमधल्या ५,०२४ विद्यार्थ्यांवर तिचं मूळ काम झालं. ती मुळात गुटमन पद्धतीने बांधलेली होती, म्हणजे विधानं शिडीच्या पायऱ्यांसारखी, एकापेक्षा एक चढती. आज आपण चारही पर्यायांना गुण देऊन सरळ बेरीज करतो, ती पद्धत नंतर रुळली. २००५ मध्ये श्मिट आणि अ‍ॅलिक यांनी ५३ देशांतल्या १६,९९८ जणांची माहिती एकत्र आणली, २८ भाषांमधून. त्यातही आठवं विधान बऱ्याच ठिकाणी इतरांशी जुळलं नाही. म्हणजे तुमच्या हाती आलेली अडचण एकट्या तुमची नाही, आणि ती निव्वळ तुमच्या भाषांतराची चूकही नाही. पण मराठीत ती कोणत्या रूपात येते हे तुम्हीच पाहायला हवं.

मला दिसलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी मुलांना एकेकटं बसवून विधान मोठ्याने वाचायला लावत होते आणि विचारत होते, “यातून तुला काय विचारलंय असं वाटतं?” आठव्या विधानाचं मराठी असं होतं: ‘मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता.’ एसवायच्या एका मुलीने ‘पूर्ण सहमत’ वर खूण केली आणि म्हणाली, “म्हणजे अजून मेहनत घ्यायला पाहिजे, स्वतःला अजून वर न्यायला पाहिजे. हे तर सगळ्यांनाच वाटायला पाहिजे ना मॅडम?” तिच्या लेखी ती जिद्द होती. आमच्या गुणांकनात त्याच खुणेला सर्वांत कमी आत्मसन्मानाचा गुण मिळत होता. तिच्या मागून आलेल्या मुलाने तीच खूण केली, पण तो खरंच खिन्न होऊन बोलत होता. एकच खूण, दोन उलटे अर्थ. शून्य सहसंबंध असा तयार होतो.

पाचवं विधान आणखी अवघड आहे. त्याचा गाभा असा, की ज्याचा अभिमान वाटावा असं माझ्यापाशी फारसं काही नाही. इंग्रजीत ही स्वतःबद्दलची तक्रार आहे. मराठीत? आपण ‘गर्वाचं घर खाली’ ऐकत वाढलो. एखाद्याचा सत्कार असो की शोकसभा, ‘निरभिमानी’ हे कौतुकाचं विशेषण असतं. अशा मुलाला ‘माझ्यापाशी अभिमान बाळगण्यासारखं फारसं नाही’ हे वाक्य दिलं तर तो ते नम्रतेने मान्य करतो. त्याला स्वतःबद्दल वाईट वाटत असतंच असं नाही. बरोबरीचे दोघे बाकावर शेजारी बसलेले असतील तर मान्य करायलाच लागतं, नाहीतर ‘फार शहाणा समजतो’ असं होतं.

भाषांतर तपासायला तुम्ही उलट-भाषांतर केलं असणार, म्हणजे मराठी परत इंग्रजीत नेऊन मूळाशी ताडून पाहिलं असणार. १९७० च्या ब्रिस्लिन यांच्या लेखापासून ही पद्धत सगळे वापरतात आणि ती वापरावीच. पण ती या ठिकाणी तुम्हाला वाचवत नाही. ‘अभिमान’ हा शब्द परत इंग्रजीत नेलात तर मूळचाच शब्द अगदी जसाच्या तसा हाती येतो आणि समिती खूश होते. शब्द पोचला, त्याचं सामाजिक वजन मात्र वाटेत बदललं. आपल्याकडे हे भान जुनं आहे. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बिने बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तयार केली, आणि ‘बिने-कामत’ हे जोडनाव आजही वापरात आहे. रूपांतर हे स्वतंत्र काम आहे, हे त्या नावातच दिसतं.

आणखी काही जागा तपासा. दुसऱ्या आणि सहाव्या विधानात ‘कधीकधी’ आहे. ‘मी अगदीच निरुपयोगी आहे असं मला कधीकधी वाटतं’ आणि पर्याय सहमत-असहमत. मुलं म्हणतात, कधीकधी तर कुणालाही वाटतं. नवव्या विधानात भाषांतरकार ‘वाटण्याकडे माझा कल आहे’ असं लिहितात. ज्यांनी दहावीला कल चाचणी दिली होती त्या मुलांना ‘कल’ म्हटलं की पुढे कोणती शाखा घ्यायची ते आठवतं. ‘मी अपयशी ठरलो’ छापलं तर मुली अडखळतात, ‘ठरलो/ठरले’ छापलं तर वाचताना सगळेच अडखळतात. ‘मी अपयशी आहे’ हे दोघांनाही चालतं. आणि ‘नाही’ असलेल्या वाक्याला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे दुहेरी नकार. मी मुलांना बोटं मोजल्यासारखं पुटपुटताना पाहिलंय: नाही ला असहमत, म्हणजे आहे. बाकीच्या मापन्या धरून पंधरा मिनिटांत सत्तर विधानं संपवायची असतील तर एवढं कोण करणार?

म्हणून पहिलं काम हे: आठ-दहा विद्यार्थी घ्या, पण निवडून. मराठी माध्यमाचे आणि इंग्रजी माध्यमाचे, मुलं आणि मुली, शहरातले आणि रोज एसटीने येणारे. तुमच्या स्वतःच्या वर्गातले नकोत, ते तुम्हाला बरं वाटेल तेच बोलतील. एकेकाला वेगळं बसवा. विधान वाचू द्या, खूण करू द्या, मग विचारा की हीच खूण का केली, आणि हे विधान स्वतःच्या शब्दांत सांग. जसंच्या तसं लिहून घ्या. दोन दिवसांत होईल, आणि अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

मग माहिती कशी गोळा झाली ते आठवा. वर्गात, हजेरीच्या वेळी, शिक्षक समोर उभे? रोल नंबर लिहायला सांगितला होता का? एका बाकावर तिघे होते का? गूगल फॉर्म असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत फिरत कुणाकुणाकडे गेला? प्रत्येक उत्तर सक्तीचं होतं का? दहाही विधानांना, नकारात्मक धरून, एकच पर्याय निवडणारे किती जण आहेत ते मोजा, कारण तसं उत्तर दहाही विधानं वाचून देणं जवळपास अशक्य आहे. अशांना वगळण्याचा नियम आधी लिहून ठेवा, आकडे पाहून ठरवू नका. पुढच्या फेरीत मध्येच ‘या ओळीसाठी असहमत निवडा’ असं एक विधान घाला.

इतकं झाल्यावर विश्लेषण. पुष्टीकारक घटक विश्लेषण करा (विधानांमागच्या घटकांची आधीच मांडलेली रचना उत्तरांशी जुळते का ते पाहणं) आणि तीन रचना शेजारी शेजारी ठेवा: सगळी विधानं एकाच घटकावर, सकारात्मक आणि नकारात्मक असे दोन घटक, आणि एक मुख्य घटक अधिक नकारात्मक शब्दरचनेमुळे येणारा एक पद्धतीचा घटक. रोझेनबर्ग मापनीत तिसरी रचना बऱ्याचदा सरस ठरते. ‘दोन घटक’ दिसले म्हणून मराठी मुलांचा आत्मसन्मान दोन प्रकारचा असतो असा निष्कर्ष काढू नका. ‘नाही’ या शब्दामुळेही दोन घटक उभे राहतात. पर्याय चारच आहेत, म्हणून उत्तरं क्रमवाचक धरा (क्रम कळतो, नेमकं अंतर नाही) आणि पॉलिकोरिक, म्हणजे अशा क्रमवार उत्तरांसाठीच्या, सहसंबंधांवर आधारलेली पद्धत वापरा. आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतलं लव्हान हे पॅकेज मोफत आहे. जॅस्प आणि जमोव्हीही मोफत आहेत आणि त्यांत कोड लिहावा लागत नाही. रचना उत्तरांना कितपत बसते हे ठरवायचे हू आणि बेंटलर यांचे १९९९ चे निकष (सीएफआय ०.९५ च्या आसपास, आरएमएसईए ०.०६, एसआरएमआर ०.०८) सोबत ठेवा, पण ते सतत, म्हणजे पायऱ्या नसलेल्या, चलांवरच्या चाचण्यांतून आले आहेत, कायद्याचं कलम समजू नका. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे गुण किती भरवशाचे आहेत हे दाखवायला, अल्फासोबत ओमेगा द्या (त्याच कामाचा, पण सगळी विधानं सारखीच जुळतात असं न धरणारा गुणक), आणि त्याची विश्वास मर्यादाही, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो.

मुलगे आणि मुली, किंवा दोन माध्यमं, यांच्या सरासरींची तुलना तुमच्या गृहीतकांत असेल तर त्याआधी मापनसमानता, म्हणजे मापनी दोन्ही गटांत तीच गोष्ट सारखीच मोजते का, हे तपासावंच लागतं. विधानांचा भार (घटकाशी किती जोडलेली) दोन्ही गटांत सारखा आहे का, आरंभबिंदू (एका पर्यायावरून पुढच्यावर जाण्याची जागा) सारखे आहेत का. एकेक बंधन घालत जाताना सीएफआय ०.०१ हून जास्त घसरला तर थांबा; हा चुंग आणि रेन्सवोल्ड यांचा २००२ चा संकेत आहे. ‘निरभिमानी’ मुलगी आणि कमी आत्मसन्मानाची मुलगी यांच्यातला फरक जी मापनी ओळखत नाही, तिच्यावरून ‘मुलींचा आत्मसन्मान कमी असतो’ असं छापणं म्हणजे मुलींवर अन्याय आहे. असे निष्कर्ष मग वर्तमानपत्रात जातात, पालकसभेत सांगितले जातात.

सप्रमाणतेचा, म्हणजे मापनी जे मोजायचं तेच मोजते का याचा, भाग प्रबंधांत सर्वांत पातळ असतो. तिथे ‘पाच तज्ज्ञांनी मान्यता दिली’ एवढं वाक्य पुरत नाही. क्रोनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये सांगितलेली गोष्ट अजून लागू आहे: ही मापनी खरंच आत्मसन्मान मोजत असेल तर तिचे गुण कशाशी, कोणत्या दिशेने, किती जुळायला हवेत, आणि कशाशी जुळायला नकोत, हे आधी लिहा आणि मग पाहा. जीवनसमाधानाशी मध्यम धन, नैराश्याच्या लक्षणांशी ऋण, आणि ‘आपण चांगले दिसावं’ या इच्छेशी शक्य तितका कमी. अपेक्षा लिहिताना विश्वसनीयतेची गळतीही धरा. दोन्ही मापन्यांची विश्वसनीयता ०.७० असेल तर ०.५० चा खरा संबंध तुम्हाला ०.३५ दिसतो.

जोडीला नैराश्याची मापनी देणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतलं नववं विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ‘हो’ म्हणणारं मूल तुमच्या वर्गात असणार. त्याच दिवशी कोण बोलणार, समुपदेशक कोण, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर छापलाय का, हे ठरवल्याशिवाय ते विधान देऊ नका. महिनाभराने एसपीएसएसमध्ये ते उत्तर दिसून काही उपयोग नाही.

पुनर्चाचणी (त्याच मुलांना तीच मापनी काही काळाने पुन्हा देणं) करणार असाल तर परीक्षेचं वेळापत्रक बघून तारखा ठरवा. कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या ताणमापनीत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर दोन दिवसांच्या अंतराने सहसंबंध ०.८५ आला, तर धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांच्या गटात सहा आठवड्यांनी ०.५५. लोक वेगळे, अंतरही वेगळं, आणि ताण तर बदलतोच. आत्मसन्मान त्यामानाने स्थिर, पण निकालाच्या आठवड्यात नाही. दोन ते चार आठवडे, मध्ये परीक्षा किंवा निकाल नाही, असं अंतर मी ठेवते.

एका मुलाच्या गुणांवरून त्याच्याविषयी बोलू नका, हे मात्र ठामपणे सांगते. समजा गुण १० ते ४० मध्ये आहेत, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत) ५ आहे आणि विश्वसनीयता ०.७४. मापनाची प्रमाण त्रुटी साधारण २.५ येते. म्हणजे २८ गुण मिळालेल्या मुलाचा खरा गुण साधारण २३ ते ३३ च्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. गटांचे संबंध पाहायला हे चालेल. ‘या मुलाला समुपदेशन हवं, त्याला नको’ ठरवायला अजिबात नाही. प्राचार्यांनी यादी मागितली तरी देऊ नका.

आणि नमुना. कॉलेजात पोचलेली मुलं म्हणजे त्या वयाची सगळी मुलं नव्हेत. बारावीनंतर शेतात, कारखान्यात किंवा संसारात गेलेली त्यात नाहीत. तुमचा निष्कर्ष ‘या भागातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपुरता’ असा लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रबंधात काय लिहायचं. दहाही विधानांचे निकाल आहेत तसे द्या: प्रत्येकाची वारंवारता, एकूण गुणांशी सहसंबंध, ०.६६ सकट. विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतली वाक्यं द्या. मग पाचव्या आणि आठव्या विधानाची नवी मराठी रूपं तयार करा. ‘अभिमान’ टाळून ‘स्वतःत चांगलं म्हणावं असं मला फारसं काही दिसत नाही’ यासारखं काही. आठव्यासाठी ‘मला स्वतःबद्दल आदर कमी वाटतो’ हे मी वापरून पाहिलंय आणि मुलांना ते एकाच अर्थाने कळतं, जरी मूळ वाक्यातली इच्छा त्यातून जाते. मूळ विधानापासून किती दूर गेलात ते स्पष्ट नोंदवा. नवी दहा विधानं दुसऱ्या दोन-तीनशे विद्यार्थ्यांना द्या, शक्यतो दुसऱ्या कॉलेजात, आणि रचना तिथे तपासा. सहा महिने वाढतील. गाइडना वेळेची काळजी असेल तर सांगा की या पहिल्या फेरीचाच एक स्वतंत्र शोधनिबंध होतो, कारण मराठीत या दोन विधानांचं नेमकं काय होतं हे पुढे ही मापनी वापरणाऱ्या प्रत्येकाला लागणार आहे.

मुलाखती झाल्या की मुलांची वाक्यं मला पाठवा, नावं काढून. पाचव्या विधानाला मला अजून मनासारखा शब्द सापडलेला नाही. कदाचित तुमच्याकडच्या एखाद्या मुलाच्या तोंडून तो येईल.